‘पोटगी’चा एकच रकाना : न्यू जर्सीतल्या घटस्फोटानंतरचं पहिलं टॅक्स रिटर्न

“काका, सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. अ‍ॅलिमनी वजाच करू देत नाहीये.”

मार्च २०२५. फोनवर बोलणारा स्वतःच सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिला संशय बगचा. या जोडप्याचं जॉइंट रिटर्न मी सात वर्षं भरत होतो. जानेवारी २०२४च्या पहिल्या आठवड्यात न्यू जर्सीच्या कोर्टात त्यांचा घटस्फोट झाला आणि आता पहिल्यांदाच दोन वेगळी रिटर्न्स भरायची होती. चार दिवसांनी तिचाही फोन आला. “काका, मला वर्षभरात बेचाळीस हजार मिळालेत. त्यावर किती भरावा लागेल टॅक्स? थोडे बाजूला ठेवलेत, पण पुरतील असं वाटत नाही.”

एकाच घटस्फोटातल्या दोन्ही बाजूंचं काम एका माणसाने करायचं म्हणजे दोघांची लेखी संमती लागते. ती घेतली. हे लिहायलाही दोघांनी हो म्हटलंय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि आकडे गोल केलेत.

तर आकडे असे. त्याचा २०२४चा पगार १,६०,००० डॉलर. तिचा ५२,०००. मुलं दोन, थोरला १३ वर्षांचा, धाकटी ९ वर्षांची. दोघांकडे ग्रीन कार्ड, मुलं इथेच जन्मलेली. कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे तो तिला दरमहा २,००० डॉलर अ‍ॅलिमनी देतो आणि मुलांसाठी १,५०० डॉलर चाइल्ड सपोर्ट. सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंटमध्ये आणखी एक वाक्य होतं : थोरला अवलंबून मूल म्हणून वडिलांच्या रिटर्नवर दाखवायचा, धाकटी आईच्या.

दोघांनी आपापली एक्सेल शीट पाठवली. दोन्ही शीटमध्ये एक रकाना अगदी सारखा होता, मथळा ‘पोटगी’ आणि खाली बारा वेळा ३,५००. मराठीत दोन्हीला पोटगीच म्हणतात. बायकोला द्यायची तीही पोटगी आणि मुलांसाठी द्यायची तीही पोटगी. घरात बोलताना चालतं ते. रिटर्न भरताना मात्र हे दोन वेगळे पैसे आहेत, आणि त्यातल्या एकाला वॉशिंग्टनमध्ये (फेडरल, म्हणजे केंद्राच्या करात) एक नियम आहे आणि न्यू जर्सीच्या राजधानीत, ट्रेंटनमध्ये, दुसरा.

चाइल्ड सपोर्टचं आधी उरकतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. देणाऱ्याला वजावट नाही, घेणाऱ्याचं ते उत्पन्न नाही. फेडरलमध्ये नाही, न्यू जर्सीतही नाही. बाप मुलांच्या शाळेचे बूट घेतो तेव्हा ते कुठे वजा होतात? तसंच हे. तिच्या बेचाळीस हजारांतले १८,००० इथेच बाजूला झाले.

अ‍ॅलिमनीची गोष्ट लांबलचक आहे. १९१७ साली गूल्ड विरुद्ध गूल्ड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅलिमनी हे घेणाऱ्या बाईचं उत्पन्न नाही असं ठरवलं. १९४२ साली महायुद्धासाठी कराचे दर चढले, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, उलट केलं : देणाऱ्याला वजावट, घेणारीला कर. हा नियम पंचाहत्तर वर्षांहून जास्त टिकला. डिसेंबर २०१७च्या कर कायद्याने तो काढून टाकला, आणि ३१ डिसेंबर २०१८ नंतर झालेल्या हुकुमांना आणि करारांना पुन्हा १९१७चाच न्याय लागू झाला. म्हणजे या जोडप्याच्या बाबतीत फेडरल रिटर्नवर त्याला वजावट शून्य आणि तिला उत्पन्न शून्य. सॉफ्टवेअरने घटस्फोटाची तारीख विचारली, त्याने ती खरी टाकली आणि सॉफ्टवेअरने रकाना बंद केला. बग वगैरे काही नव्हता.

मग त्याच्या डोक्यात वजावट आली कुठून? अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहिलेली होती. त्याने कलम दाखवलं : ‘सदर रक्कम पतीस वजावटयोग्य राहील व पत्नीच्या उत्पन्नात धरली जाईल’ अशा अर्थाचं छान कायदेशीर इंग्रजी वाक्य. चौकशी केल्यावर कळलं की खर्च वाचवायला दोघांनी मसुद्याची सुरुवात त्याच्या आतेभावाच्या अ‍ॅग्रीमेंटवरून केली होती, आणि आतेभावाचा घटस्फोट २०१६चा. आतेभाऊ आजही वजावट घेतो आणि बरोबर घेतो, कारण जुन्या करारांना जुना नियम चालू आहे. पुढे त्या करारात दुरुस्ती झाली तरी तो चालूच राहतो. दुरुस्तीत ‘नवा नियम लागू’ असं स्पष्ट लिहिलं तरच तो सुटतो. पण २०२४च्या हुकुमात २०१६चं वाक्य चिकटवून २०१६ परत येत नाही. नवरा-बायको आपसांत कितीही सह्या करोत, कर कोणी भरायचा हे कायदा ठरवतो.

या एका वाक्याने किती घोळ झाला ते बघू. त्याच्या हिशेबात २४,००० ची वजावट २४ टक्क्यांच्या टप्प्यातून निघत होती, म्हणजे ५,७६० डॉलर वाचणार. दोन हजारांची पोटगी त्याला महिना १,५२० लाच पडते, असं धरून त्याने मीडिएटरसमोर हो म्हटलं होतं. तिच्या टप्प्याचा दर १२ टक्के. जुना नियम असता तर तिने त्याच पैशावर २,८८० भरले असते. त्याचे वाचले ५,७६०, तिचे गेले २,८८०, मधले २,८८० दोघांच्या मिळून खिशात. जुन्या नियमाची गंमत ती होती. जास्त दराच्या माणसाकडचं उत्पन्न कमी दराच्या माणसाकडे सरकायचं आणि फरक सरकार सोसायचं. २०१९ पासून सरकारने तो बंद केला. इथे दोघांनी मिळून, सरकार आता देतच नाही अशा पैशाची वाटणी केली होती.

तिची शीट वेगळ्या कारणाने चुकलेली. तिने पगारात सगळी पोटगी मिळवली आणि उत्पन्न धरलं ९४,०००. हेड ऑफ हाउसहोल्ड (मूल सांभाळणारा एकटा पालक, त्याला वजावट जास्त) म्हणून २१,९०० ची स्टँडर्ड डिडक्शन गेल्यावर ७२,१०० वर कर ९,२२१. धाकटीच्या शाळेनंतरच्या डेकेअरचं क्रेडिट ६०० आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिट २,००० वजा जाता ६,६२१. या आकड्याने तिची झोप उडाली होती.

खरा हिशेब मी तिच्यासमोर कागदावर मांडला. उत्पन्न फक्त ५२,०००. डिडक्शन जाऊन ३०,१०० वर कर ३,२८१. डेकेअरचे ६०० गेले, धाकटीचे २,००० गेले, राहिले ६८१. इथे मी थांबलो, कारण तिच्या शीटमध्ये एक ओळच नव्हती, कमी कमाई असणाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीची. अर्न्ड इन्कम क्रेडिट. “ते फार गरिबांना असतं ना काका?” ९४,००० उत्पन्न धरणारीला असंच वाटणार. पण दोन मुलं असलेल्या एकट्या पालकासाठी २०२४ची मर्यादा ५५,७६८ होती, आणि ती ५२,००० वर. क्रेडिट मोठं नाही, सुमारे ७९० डॉलर. पण ६८१ मधून ते गेलं की फेडरल कर शून्याच्या खाली उतरतो आणि शंभरेक डॉलर उलट तिलाच मिळतात. ६,६२१ चा खड्डा धरून बसलेल्या बाईने तो कागद दोनदा उलटा करून बघितला, मागे काही लिहिलंय का म्हणून.

दोन मुलं म्हणालो खरा, पण थोरला तर वडिलांच्या रिटर्नवर द्यायचा होता ना? या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नात गेला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. अ‍ॅग्रीमेंटमध्ये जॉइंट कस्टडी लिहिलीय, थोरला माझ्या नावावर लिहिलाय, म्हणजे मी पण हेड ऑफ हाउसहोल्ड. त्याच्या शीटमध्ये तसंच होतं. हे स्टेटस आणि अ‍ॅलिमनीची वजावट दोन्ही धरून त्याला २,१४९ डॉलर रिफंड दिसत होता.

आयआरएस अ‍ॅग्रीमेंट वाचत नाही. अमेरिकेचं हे कर खातं रात्रींची संख्या मोजतं. वर्षातल्या जास्त रात्री मूल ज्याच्या छपराखाली झोपलं तो कस्टोडियल पालक. कोर्टाने जॉइंट म्हणा की सोल म्हणा. मुलं दर बुधवारी आणि शनिवारी रात्री बापाकडे असतात. आठवड्याला दोन, वर्षाला १०४. २०२४ लीप वर्ष, ३६६ रात्री. तिच्याकडे राहिल्या २६२. सुट्ट्यांची अदलाबदल दोघांनी फोनच्या कॅलेंडरमध्ये नीट लिहून ठेवली होती, बेरीज जुळली. (लीप वर्षात १८३-१८३ अशी बरोबरी होऊ शकते. तेव्हा ज्याचं अ‍ॅडजस्टेड ग्रॉस इन्कम जास्त, तो कस्टोडियल धरतात. एकदा असं प्रकरण माझ्याकडे आलं होतं आणि एका रात्रीवरून आठवडाभर वाद चालला होता.)

१०४ हा आकडाही उगाच आलेला नव्हता. न्यू जर्सीच्या चाइल्ड सपोर्टच्या मार्गदर्शक तत्त्वांत दुसऱ्या पालकाकडे २८ टक्के रात्री, म्हणजे आठवड्याला दोन, असल्या की शेअर्ड पॅरेंटिंगचा तक्ता वापरता येतो आणि सपोर्टची रक्कम सहसा उतरते. वकिलांनी त्या उंबरठ्यावर नेमकं पाऊल ठेवलं होतं. सपोर्टसाठी ते उपयोगी पडलं, पण आयआरएसला लागतात निम्म्याहून जास्त रात्री. एका तक्त्यातला ‘शेअर्ड’ दुसऱ्या तक्त्यात कामाला येत नाही.

म्हणून तो सिंगल. त्याला डिडक्शन १४,६००, कर २७,९३८. हेड ऑफ हाउसहोल्ड नसल्याने ३,४४५ डॉलर जास्त. थोरल्याचं २,००० चं चाइल्ड टॅक्स क्रेडिट मात्र त्याला मिळू शकत होतं, एका अटीवर : करातला मुलावरचा हक्क सोडणाऱ्या फॉर्म ८३३२ वर तिने सही करून द्यायची. २००८ नंतरच्या हुकुमांना हुकुमाची पानं जोडून भागत नाही, तो फॉर्मच लागतो. तिने सही केली नाही तर अ‍ॅग्रीमेंट मोडल्याबद्दल तो तिला कोर्टात खेचू शकतो, पण आयआरएसकडे त्या भांडणाला किंमत नाही. फॉर्म नाही तर क्रेडिट नाही.

आणि सही केल्यावर काय हातचं जातं हे तिलाही माहीत नव्हतं. मूल सोडून दिलं म्हणजे सगळंच सोडलं, अशी तिची समजूत. तसं नाही. फॉर्म ८३३२ ने जातं ते डिपेंडंट म्हणून मूल दाखवणं आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिट. हेड ऑफ हाउसहोल्ड, अर्न्ड इन्कम क्रेडिट आणि डेकेअरचं क्रेडिट कस्टोडियल पालकाकडेच राहतं, ते द्यायचं म्हटलं तरी देता येत नाही. म्हणून तिच्या अर्न्ड इन्कमच्या हिशेबात थोरलाही धरता आला. एकच मूल असतं तर मर्यादा ४९,०८४ वर आली असती आणि ७९० गेले असते.

थोरल्याचे २,००० तिच्याकडे राहिले तरी पूर्ण मिळाले असते, त्याच्याकडे गेले तरी पूर्णच. म्हणजे सहीने त्याचा फायदा तेवढाच, तिचा तोटा तेवढाच. ते सेटलमेंटमध्ये आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे सही न देण्याचा प्रश्न नव्हता. मला खटकली ती ‘एक तुझं, एक माझं’ ही वाटणी. थोरला चार वर्षांनी १७ चा होईल आणि त्याच्यावरचं हे क्रेडिट संपेल, धाकटीचं पुढे आणखी चार वर्षं चालेल. म्हणजे बापाची चार वर्षं, आईची आठ. अनुभवी वकील ‘एकच मूल उरल्यावर आळीपाळीने’ असं कलम घालतात. आतेभावाला मूल एकच, मग त्याच्या कागदात हे कुठून असणार? (२०२५च्या रिटर्नपासून क्रेडिट २,२०० डॉलर झालंय, म्हणजे फरक आणखी वाढला.)

त्याला दुसरा धक्का होता पगाराच्या स्लिपमध्ये. घटस्फोट झाला, फ्लॅट बदलला, इन्शुरन्स बदलला, पण कंपनीतला डब्ल्यू-४ फॉर्म (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा) ‘मॅरिड फायलिंग जॉइंटली’ असाच पडून राहिला. कंपनीने त्या दराने वर्षभरात १८,८८२ कापले. कर २७,९३८, त्यातून थोरल्याचे २,००० गेले, उरले २५,९३८. बाकी ७,०५६ डॉलर, वर कमी कर कापल्याचं थोडं दंडव्याज. २,१४९ च्या रिफंडवर त्याने उन्हाळ्यात मुलांना घेऊन जायचं बुकिंग करून टाकलं होतं. फोनवर बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाला, “काका, त्या वाक्यावर माझीही सही आहे, तिचीही. त्याचं काहीच नाही?”

काहीच नाही. त्या वाक्यावर भरवसा ठेवून रक्कम ठरली म्हणून अ‍ॅलिमनी बदलून मागता येईल का, हा वकिलाला विचारायचा प्रश्न. मी एवढंच सांगितलं की चाइल्ड सपोर्टच्या १,५०० ला हात लावायचा विचार करू नकोस. तो हक्क मुलांचा, आईबाप आपसांत सोडून देऊ शकत नाहीत.

थोडा दिलासा न्यू जर्सीने दिला. या राज्याचा आयकर कायदा फेडरलच्या मागोमाग गेला नाही. इथे अ‍ॅलिमनी देणाऱ्याला अजूनही वजा होते आणि घेणारीच्या उत्पन्नात अजूनही धरतात, घटस्फोट कोणत्याही साली झालेला असो. आतेभावाचं वाक्य न्यू जर्सीच्या रिटर्नवर खरं आहे! पण बहुतेक जण फेडरल रिटर्न भरतात आणि सॉफ्टवेअर तेच आकडे राज्याच्या फॉर्मवर ओढून नेतं. फेडरलमध्ये अ‍ॅलिमनी नाहीच म्हणून राज्याच्या रकान्यातही ती येत नाही. ती हाताने टाकावी लागते. त्याच्या मसुद्यात नव्हती, तिच्याही नव्हती.

त्याच्या २४,००० वर राज्याचा दर ६.३७ टक्के, म्हणजे १,५२९ डॉलर वाचले. तिचा राज्याचा कर याच रकमेमुळे सुमारे ६२० ने वाढला. राज्याचं अर्न्ड इन्कम क्रेडिट फेडरलच्या ४० टक्के असतं, त्यातले सुमारे ३१५ परत आले. तिला मी विचारलं, पोटगीवर टॅक्स नाही म्हणून सांगितलं आणि आता आहे म्हणतोय, राग नाही ना आला? ती म्हणाली, “सहा हजारांपेक्षा सहाशे बरे.”

सगळं धरून दोन हजारांची अ‍ॅलिमनी त्याला महिना १,८७३ ला पडते, तिच्या हातात १,९४८ राहतात. मीडिएटरच्या टेबलावर त्याच्या मनात आकडा होता १,५२०. त्याच नियमाने तिने हिशेब केला असता तर तिच्या मनात १,७६० असता. खरं तर त्या दिवशी हे दोन आकडे कोणीतरी कागदावर लिहून दोघांसमोर ठेवायला हवे होते. वकिलांनी का ठेवले नाहीत मला माहीत नाही, आणि मला कोणी विचारलं नव्हतं. सात वर्षांच्या क्लायंटने घटस्फोटाआधी एक फोन करायला हरकत नव्हती, असं मनात आलं, बोललो नाही.

घटस्फोटाच्या तारखेचं मात्र त्यांच्या नशिबाने बरं झालं. स्टेटस ठरतं ३१ डिसेंबरला तुम्ही कोण आहात त्यावर. हुकूम आठवडाभर आधी, डिसेंबरमध्येच निघाला असता, तर २०२३चं जॉइंट रिटर्नही भरता आलं नसतं.

शेवटच्या भेटीला दोघं एकदम आले. बापाकडची बुधवारची पाळी होती, थोरला बाहेर गाडीत फोन बघत बसलेला. मी डब्ल्यू-४ चा नवा फॉर्म त्याच्यापुढे सरकवला : सिंगल, आणि खाली एकाच मुलाचं क्रेडिट. तो भरेपर्यंत तिने ८३३२ उचलला. त्या फॉर्मचे तीन भाग आहेत. पहिल्यात फक्त चालू वर्षासाठी मूल सोडता येतं, दुसऱ्यात पुढच्या वर्षांसाठी, तिसऱ्यात आधी दिलेलं परत घेता येतं. तिने पहिल्या भागात थोरल्याचं नाव लिहिलं, वर्ष लिहिलं २०२४, सही केली.

तो म्हणाला, “अगं, खालच्या भागात पुढची वर्षंही लिहून टाक ना. दरवर्षी कुठे यायचं?”

“दरवर्षी यायचं,” ती म्हणाली. “सपोर्टचे बारा चेक जमा झाले की.”

तो माझ्याकडे बघायला लागला. अ‍ॅग्रीमेंटमध्ये तशी अट नव्हती, पण दरवर्षी एकेका वर्षाची सही देऊ नये असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. मी फॉर्म स्कॅनरवर ठेवला.